एकट्या जोडीचं अंडं

वडगाव रासाई
१७ फेब्रुवारी, सोमवार

चि. प्रगती हिस,

गेणबाचे लाख आशीर्वाद. आम्ही दोघं, गाय, वासरू आन् जाळीतली समदी पाखरं खुशाल. तू आन् धनूबी खुशाल असाल.

पत्र बघून घाबरू नको, घरात कुणाला काही झालेलं न्हाई. फोन असताना आबांना पत्राचं काय खूळ लागलं म्हणशील. पण फोनवर माझं बोलणं कवा पुरं होतं, सांग बरं? मी हॅलो म्हणतो न म्हणतो तोवर तुझी सासू, आपली आत्याबाई, फोन ओढती आन् ‘पोरगी वाळली का गं’ विचारती. तिकडं तुझ्या हातातनं आपली नात धनू ओढती आन् म्हणती पाखरं दाखवा. मग मी फोन धरून जाळीपाशी मुकाट उभा, लग्नातल्या शूटिंगवाल्यासारखा. माझं बोलायचं ते माझ्याच पोटात ऱ्हातं. म्हणून वहीची पानं फाडली. सातवी पास माणसाचं अक्षर हाय, गोड मानून घे.

आत्याबाईचा गुडघा पहिल्यासारखाच. तू दिलेला पट्टा बांधती, पण चुलीपुढं बसताना काढून ठेवती, म्हंजी जवा पाहिजे तवा न्हाई. खालच्या अंगाचा ऊस तुटून गेला. त्यामुळं बिबट्या उघडा पडलाय, आता रोज कुणाच्या ना कुणाच्या कुत्र्यावर येतो. आपला मोत्या शहाणा. दिवस कलला की ओसरीवरून हलत न्हाई.

पाखरांचं म्हणशील तर थंडी सरली, पोत्याचे पडदे वर गुंडाळले. ती पिवळी भवानी हाय ना, स्वतःचं घरट्याचं मडकं असताना शेजारणीच्या मडक्यात डोकं घालून भांडती. आत्याबाई म्हणती, ही गेल्या जन्मी ग्रामपंचायतीत असणार. बाकी औंदा पिलं जरा किरटीच निघाली. माझा मल्हार आज असता तर त्याला कारण कळलं असतं.

आता अंड्याचं. काल धनूनं फोनवर एवढ्या मोठ्यानं सांगितलं, ‘आबा, आपल्या पिंकीनं अंडं घातलं!’ की आत्याबाईला चुलीपाशी ऐकू गेलं. मला लई आनंद झाला. खोटं न्हाई सांगत.

पण एक गोष्ट आठवली, ती लिहितो. तुमचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं तवा मल्हारनं बाजारातनं पिंजरा आणला. मी म्हणलं, अरे, तुझ्या आज्यानं जन्म मेंढरामागं घातला आन् तू चिमण्या राखणार व्हय? तर म्हणला, चिमण्या न्हाई आबा, बजी. गाव त्यांना लव्हबर्ड म्हणतं, पण तो हटकून बजी म्हणायचा. जोडी मोठ्या लाडानं माजघरात ठेवली. वारा न्हाई, गोंगाट न्हाई. मडकं टांगलं. पावसाळा गेला, दिवाळी गेली, अंड्याचा पत्ता न्हाई. मी चेष्टा करायचो, दोन्ही नरच आणलेस का रे? मग त्याला कुणीतरी सांगितलं, ही कळपाची जात. आसपास दुसऱ्या जोड्यांचा कालवा ऐकू आला तरच मादी मडक्यात शिरती, न्हाईतर तिला भरवसाच वाटत न्हाई. मग तुम्ही दोघांनी मिळून मेंढरांच्या जुन्या वाडग्याला जाळी मारली. तू हातोडी अंगठ्यावर मारून घेतली होतीस. आणखी जोड्या आणल्या, आन् बघता बघता मडक्यामडक्यात अंडी. मला तवा लगेच पटलं, कारण मेंढीचंबी तसंच. एकटी मेंढी चरत न्हाई, नुसती मान वर करून उभी ऱ्हाती.

धनूला दिली ती जोडीबी एकटीच होती. मी मनात म्हणलं होतं, ही काही अंडी घालत न्हाई, पोरीला खेळ झाला. आन् आता अंडं! मी धनूला विचारणार तेवढ्यात तीच सांगाय लागली, ‘आबा, काकांचे पक्षी भिंतीपलीकडून ओरडतात ना, मग आपले पण...’ आन् तू फोन घेतलास आन् म्हणलीस, आबा, रेंज न्हाई. दौंड जंक्शनला रेंज न्हाई! अगं, मला हितं नदीकाठी उसाच्या फडात रेंज येती.

असू दे. दौंडचं पाणी मानवलं असंल जोडीला.

मडक्यात सारखं डोकावू नका. धनूला सांग, बोट घालायचं न्हाई. राळं आन् बाजरी नेहमीचीच, वर कोथिंबीर न्हाईतर शेवग्याचा पाला द्या. समुद्रफेसाचा तुकडा बांधून ठेव, मादी तो कुरतडती, अंड्याचं कवच त्यातनं धरतं. हे तुला समदं ठाव हाय, तूच मला शिकवलंस. तरी म्हाताऱ्याला सांगितल्याबिगर चैन पडत न्हाई.

बरेच रविवार झाले, तू आली न्हाईस. दवाखान्यात नर्सा कमी हायेत म्हणतेस तर असतील. आत्याबाई दर रविवारी तुझ्या वाटणीची भाकरी थापती आन् सोमवारी ती मोत्याला जाती. मोत्या तेवढा खूश हाय.

तुझे,
आबा


वडगाव रासाई
१२ मार्च, बुधवार

चि. प्रगती हिस,

अनेक आशीर्वाद. तुझं उत्तर व्हॉट्सॲपवर मिळालं. ‘पत्र मिळालं आबा, तब्येत जपा’ आन् पुढं जोडलेले हात. मी वहीची पानं भरली आन् तू हात जोडून मोकळी! असो. धनूनं पिलांचा फोटो पाठवला तो बघितला. अंगावर केस न्हाई, डोळे मिटलेले, मान लटपटती. ‘अगदी तुमच्यासारखी दिसत्यात,’ असं आत्याबाई मला म्हणली.

हितं पाखरांचा एक कुटाणा झाला. मी पाणी बदलाय जाळीत गेलो होतो, तेवढ्यात पाहुणे आले. बाहेर आलो आन् कडी लावायची राहिली. एवढ्या वर्षांत कधी न्हाई ते झालं. पाहुणे कोण ते सांगतो, आधी पाखरांचं ऐक.

माझं ध्यान गेलं तवा निम्मी पाखरं लिंबावर. हिरवी पाखरं हिरव्या पाल्यात, दिसंनात. मी टॉवेल घेऊन धावतोय, आळीतली पोरं चादरी घेऊन धावतायत, एक बाई तर मासे धरायचं जाळं घेऊन आली. सगळा तमाशा. तेवढ्यात आत्याबाई गुडघा धरत आली आन् माझ्यावर कडाडली, ‘अवं, गप बसा की एका जागी! तुम्ही धावाल तेवढी ती लांब जातील. आतल्यांना ओरडू द्या.’ तिनं आतल्या पाखरांपुढं राळ्याची परात ठेवली. ती लागली कालवा करायला. मग लिंबावरची गप झाली, ऐकाय लागली. एक खाली आलं, जाळीला बाहेरनं चिकटलं. मग दुसरं. मी हळूच दार उघडायचो आन् आत घ्यायचो. दिवस मावळायच्या आत बरीचशी आली. निळा नर, मल्हारच्या पहिल्या जोडीच्या वंशातला, तो सगळ्यात शेवटी आला. तो येईस्तोवर मी पाणी प्यालो न्हाई. दोन-चार गेली ती गेलीच. तिकडं उसावर ससाणा फिरत असतो.

आता पाहुण्यांचं. तुझा भाऊ रविराज आला होता यवतहून. चप्पल न काढताच जाळीपाशी आला आन् सुरू झाला. ‘आबा, तुमच्या सुनेनं दौंडात काय चालवलंय, ठाव हाय का? शेजारच्या रेल्वेतल्या माणसाबरोबर लग्नाचं बोलणं चाललंय. नागसेन नाव हाय त्याचं. नावावरनं कळलं न्हवं कुणातला ते? मी तिला सांगितलंय, हे केलंस तर यवतचं दार तुला बंद. आता तुम्ही सांगा. नात काढून घेतो म्हणा, लगेच सरळ येती का न्हाई बघा.’

हे ऐकत मी जाळीतनं बाहेर आलो, म्हणून ती कडी.

मी त्याला म्हणलं, ‘रविराज, चहा घे आन् जा. कोकराला आयपासनं तोडायला मी लांडगा न्हाई.’ चहा न घेताच गेला. गाडी अशी काढली की वासरू बुजलं.

पण तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू. तो गेल्यावर मीबी त्या नावाशीच अडलो. भावकी काय म्हणंल, पारावर माणसं मला बघून बोलायची थांबतील, हे समदं मनात आलंच. आलं न्हाई म्हणलो तर भीमा नदी हसंल मला.

आन् ते सोडलं तरी दुसरं हाय. शिक्रापूरला त्या ट्रकनं मल्हारला नेलं तवा धनूला चालताबी येत नव्हतं. तिला बाप म्हंजी आपल्या भिंतीवरचा फोटो. उद्या ती कुणाला तरी पप्पा म्हणंल. म्हणावं, का म्हणू नये? पण मग मल्हारचं नाव कोण घेणार? आम्ही दोन म्हातारी आन् ही पाखरं, आन् पाखरांना काय बोलता येतं? हे मी रात्रंदिवस घोळवतोय.

राग एकाच गोष्टीचा आला. मला हे रविराजच्या तोंडून ऐकावं लागलं. कळलं होतं मला आधीच, अंडं घातलं तवाच. शेजारी दुसरा कळप असल्याबिगर एकटी मादी मडक्यात शिरत न्हाई, हे ह्या घरात मला तुम्हीच शिकवलं. पण मी गप बसलो. म्हणलं, पोरगी सांगंल. रविवारी येईल, पाट टाकून बसंल आन् म्हणंल, आबा, एक बोलायचंय. तू आलीच न्हाईस गं. आम्हाला भ्यालीस व्हय? माझा आवाज मोठा हाय, पण तुझ्यावर कवा चढवला?

आत्याबाईनं तर बोलणंच सोडलंय. भाकरी थापती ती अशी, की शेजारच्यांना वाटावं पत्र्यावर गारा पडतायत.

मी होबी म्हणत न्हाई आन् न्हाईबी म्हणत न्हाई. मला जरा दम खाऊ दे. तवर एवढंच कर, रविराजला भिऊन काही ठरवू नको आन् आम्हाला भिऊनबी न्हाई. धनूला तुझ्यापासनं कुणी नेणार न्हाई. हा गेणबाचा शब्द हाय.

पिलांच्या अंगावर आता काटे फुटतील, मग पिसं. घाण वाटली तरी मडकं धुवायचं न्हाई.

रागावलेले, तरी तुझेच,
आबा


वडगाव रासाई
६ एप्रिल, रविवार

चि. सौ. कां. प्रगती हिस,

दचकलीस ना? पहिल्या दोन्ही पत्रांना तुझ्या नावाआधी काय लिहावं ते कळंना, म्हणून नुसतं चिरंजीव लिहिलं होतं. आज लग्नपत्रिकेत नवरीला लिहितात तसं लिहिलंय. चूक झाली असंल तर खोडून टाक.

पण आधी, हे पत्र ज्यानं आणून दिलं त्याला बसायला सांग. पाणी दे. पारगावच्या पुलावरनं भर उन्हात गाडी चालवत आलाय. त्यानं हे वाचलेलं न्हाई, पाकीट मी भाताच्या शितानं चिकटवलंय.

धनूच्या पोटात काही ऱ्हात न्हाई, त्यामुळं मी मंगळवारी दौंडला येऊन गेलो हे तुला कळलंच असंल. तिला मी गप बसायचं म्हणून बर्फाचा गोळा दिला होता. कसं झालं ते माझ्या तोंडून ऐक, कारण ती निम्मं खोटं सांगती.

तू दवाखान्यात असशील अशी वेळ बघूनच आलो. म्हणलं, माणूस बघावा. दूध घेताना गाय बघतो आपण, आन् हे तर... असो. तुमच्या व्हरांड्यात आलो तर भिंतीपलीकडं कालवा. पिंजऱ्यांपुढं ओली पोती टांगलेली आन् एक माणूस बादली घेऊन त्यांवर पाणी मारतोय. मी वळख दिलीच न्हाई. गिऱ्हाईक झालो. म्हणलं, ‘लव्हबर्ड कसे दिले?’

तो वळला. म्हणला, ‘बाबा, बजी आहेत. आणि विकायच्या न्हाईत.’

पोरी, मल्हार गेल्यापासनं तो शब्द मी तुझ्या-माझ्याशिवाय कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. मला खाली बसावंसं वाटलं, पण गिऱ्हाईक कसं बसणार? म्हणून परीक्षा घेतली. म्हणलं, ‘हितं तर चांगलंच ऊन येतंय. पाखरं आत खोलीत का घेत न्हाई? हा काय शहाणपणा हाय?’ तो जरा लाजला. म्हणला, ‘आत घेतली असती. पण भिंतीपलीकडं शेजारच्यांची एकच जोडी आहे, तिला पिलं आहेत. आमच्या पाखरांचा आवाज तुटला तर पिलांची आई बिथरेल. पिलं मडक्याबाहेर पडेपर्यंत असं पाणी मारून ढकलतोय दिवस. ड्युटीवर गेलो की आमची आई मारते पाणी.’

मग मी बसलोच. गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात.

तेवढ्यात धनू शाळेतनं आली आन् लांबनं किंचाळली, ‘आबाऽऽ!’ झालं. त्याच्या हातातली बादली खाली. अर्धं पाणी माझ्या धोतरावर. एवढा मोठा रेल्वेचा माणूस, सिग्नल सांभाळणारा, पण माझ्यापुढं असा उभा राहिला की जणू मास्तरापुढं गृहपाठ विसरलेलं पोर. मी म्हणलं, ‘मी गेणबा. प्रगतीचा सासरा. बोल आता.’

तो म्हणला, ‘बोलायला काही उरलं न्हाई आबा. मी विचारलं होतं. त्यांनी न्हाई म्हणून सांगितलंय. म्हणाल्या, आबा आन् आत्याबाईंना माझ्याशिवाय कोण आहे? त्यांनी मला लेकीसारखं ठेवलं, मी त्यांचा जीव दुखवणार न्हाई.’

बघ. माझ्यापायी तू न्हाई म्हणून बसलीस आन् मला पत्ता न्हाई. मी हिकडं ओसरीवर बसून भावकीला भितोय, तू तिकडं मला भितेस, आन् तो बिचारा दुसऱ्याच्या पिलांसाठी पोती भिजवतोय. मला माझीच लाज वाटली गं. लई वाटली.

मग मला माझा बाप आठवला. दर दोन-तीन वर्षांनी तो कळपातला मेंढा बदलायचा. आपल्याच कळपातला ठेवला तर कोकरं लुळी निघतात. दुसऱ्याच्या वाडग्यावर जायचा, आपला द्यायचा, त्यांचा घ्यायचा. पण त्यात एक रीत होती. मेंढा बदलला की त्या वाडग्यावर भाकरी खाल्ल्याबिगर उठायचं न्हाई, आन् त्यांनीबी आपल्याकडं येऊन खायची. मग ते कुणी का असेनात. आपली पिलं औंदा किरटी का निघाली तेबी मला तिथंच कळलं. मल्हारची पाखरं इतकी वर्षं आपसातच हायेत.

मी नागसेनला म्हणलं, ‘नर बदलायचा का? माझा निळा तुला, तुझा एक मला.’ त्याला वाटलं मी विषय बदलतोय. पण त्याची आई कुशाबाई दारात उभी होती. ती म्हातारी हुशार, तिला कळलं. म्हणली, ‘शेंगोळी केलीत. पण तुम्ही आमच्यातलं खाल का?’

‘वाढा की,’ म्हणलं, ‘नर बदलल्यावर उपाशी उठायची आमच्यात रीत न्हाई.’

शेंगोळीत लसूण जास्त होता, पण मी दोनदा मागून घेतली. धनू माझ्याच ताटात जेवली. कुशाबाई पदरानं डोळे पुसत होती आन् म्हणत होती की मिरचीचा ठसका गेला.

आज नागसेन आपल्याकडं आला, डब्याला भोकं पाडून त्यात हिरवा नर घेऊन. आत्याबाईला मी समदं सांगितलं होतं, पण ती काय करंल त्याचा मला भरवसा नव्हता. तो आला, पाया पडला. ती वळून आत गेली. मी मनात म्हणलं, आता गारा पडणार. तर चहा घेऊन आली. मल्हारच्या पेल्यातनं. तोच, नाव कोरलेला, जो तिनं मांडणीवर पालथा घालून ठेवलाय आन् मलाबी हात लावू देत न्हाई. त्यानं नाव वाचलं. पेला दोन्ही हातांनी धरला आन् चहा संपेस्तोवर मान वर केली न्हाई. आत्याबाई त्याच्याकडं बघत उभी होती. मग एकदम म्हणली, ‘साखर कमी झाली का?’ एवढंच. पण महिनाभरात ती पहिल्यांदा धड बोलली.

मागनं मला म्हणली, ‘सून गेली म्हणलं की रडायला येतं. लेक सासरी गेली म्हणलं तरी रडायला येतं, पण त्यात पुरणपोळीबी करायची असती.’ आन् चण्याची डाळ निवडाय बसली.

निळा नर त्याच्याबरोबर दिलाय. डब्यातनं काढताना हात हलका ठेव. तो आपल्या घरचा पहिला वंश हाय, तू अंगठा ठेचून घेतलास त्या जाळीतला. हिरवा हितं आल्या आल्या भवानीनं त्याला टोचला, पण तो हटला न्हाई. जमंल त्याचं.

भावकीचं मी बघतो. पारावर पहिल्यांदा मीच सांगणार, म्हंजी माझ्या मागं कुणाला सांगायला उरणार न्हाई. धनूनं त्याला काय म्हणायचं ते धनू ठरवंल. मल्हारचा फोटो तुझ्या नव्या घरी लावायची काही गरज न्हाई, तो हितं हाय, रविवारी येऊन बघावा. रविवार मात्र आमचा. ती अट हाय. त्यात नर्सा कमी हायेत म्हणलेलं मी ऐकणार न्हाई, आन् रेंज न्हाई म्हणलेलं तर मुळीच न्हाई.

आता न्हाई म्हणू नको. आमच्यापायी तर न्हाईच म्हणू नको. त्याला मी काही उत्तर दिलेलं न्हाई, ते तुझ्याकडंच मागाय सांगितलंय. तो पाणी पिऊन समोर बसला असंल, तेवढं दे त्याला.

एक राहिलं. लग्नात मुलीकडनं कोण उभं राहणार, ह्याची तुला चिंता असंल. रविराज येणार न्हाई. न येऊ दे. त्याचा राग निवळला तर त्याचंबी ताट मांडू. तू ह्या घरात आलीस तवा नागपंचमी आली की यवतहून तुला न्यायला मूळ, म्हंजी माहेरचं माणूस, यायचं. तू पिशवी भरून आदल्या दिवसापासनं दारात, आन् आत्याबाई तोंड पाडून चुलीपाशी. ह्या पंचमीला यवतहून कुणी येणार न्हाई, म्हणून डोळ्यांत पाणी आणू नको. वडगावहून येईल. मूळ म्हणून मी स्वतः येणार, धुतलेलं धोतर नेसून, तुझ्या सासूबाईंच्या म्हंजी कुशाबाईंच्या परवानगीनं, आन् तुला माहेरी घेऊन येणार. पिशवी भरून ठेव.

मुलीकडचा,
गेणबा